नशा, सुरक्षितता आणि कामगाराचे शरीर

१७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात प्रौढांना गांजा बाळगण्याची व सेवन करण्याची कायदेशीर मुभा मिळाली आणि मालकवर्गाची एक जुनी मागणी पुन्हा ऐरणीवर आली : धोक्याच्या कामावरील कामगाराची, संशयाला जागा नसतानाही, केव्हाही चाचणी घेता यावी. मागणीमागे सुरक्षिततेचे कारण असल्याने ती नुसती झिडकारून चालणार नाही. नशेत क्रेन चालविणारा खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या जिवाशी खेळतो. त्याला पाठीशी घालणे ही कामगारनिष्ठा नव्हे.

परंतु चाचणी नेमके काय सांगते? दारूची श्वासचाचणी त्या घटकेची नशा बऱ्याच अंशी दाखविते. गांजाची मूत्रचाचणी तसे करीत नाही. गांजातील मादक द्रव्य चरबीत साठते आणि नियमित सेवन करणाऱ्याच्या लघवीत त्याचे निष्क्रिय अवशेष नशा उतरल्यावरही कित्येक दिवस, प्रसंगी कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे शनिवारी आपल्या घरी सेवन केलेला कामगार मंगळवारी पूर्ण शुद्धीवर असूनही दोषी ठरतो. उलट नुकताच ओढून आलेला नवखा, अवशेष लघवीत उतरण्यापूर्वी, सहीसलामत सुटू शकतो. अशा चाचणीने सुरक्षितता साधत नाही, केवळ धाक बसतो.

न्यू ब्रन्सविक प्रांतातील आयर्विंग कागद गिरणीचा खटला येथे उद्बोधक आहे. २००६ साली व्यवस्थापनाने तेथे धोक्याच्या कामावरील कामगारांवर यादृच्छिक श्वासचाचण्या एकतर्फी लादल्या. पंधरा वर्षांत दारूसंबंधी नोंदलेले प्रसंग अवघे आठ होते. संघटना लढली आणि २०१३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कौल दिला, की काम धोक्याचे आहे एवढ्याच कारणाने कामगाराच्या खासगीपणावर असे आक्रमण समर्थनीय ठरत नाही. कॅलिफोर्नियानेही १ जानेवारी २०२४ पासून, बांधकाम व्यवसायादी अपवाद वगळता, निष्क्रिय अवशेषांच्या आधारे कामगाराला शिक्षा करण्यास मनाई केली आहे.

मग मार्ग कोणता? वागण्यात, बोलण्यात, हालचालींत नशेची लक्षणे दिसताच त्या माणसाला धोक्याच्या जागेवरून तत्काळ दूर करावे. लक्षणे ओळखण्याचे शिक्षण मुकादमाबरोबर कामगार प्रतिनिधीलाही मिळावे. व्यसनग्रस्ताला बडतर्फीआधी उपचाराची संधी असावी. आणि हे सारे नियम मालक व संघटना यांच्या संयुक्त सुरक्षा समितीने ठरवावेत. सलग दोन पाळ्या केल्याने येणारी गुंगी कोणत्याही मूत्रचाचणीत सापडत नाही, हेही त्या समितीने मालकाला ऐकवावे.

भारतात गांजा १९८५ च्या कायद्याने निषिद्ध असल्याने हा वाद परका वाटेल. त्यातील तत्त्व मात्र परके नाही. मजुरी देऊन मालक कामाचे तास विकत घेतो. कामगाराचे शरीर आणि त्याची सुटीची संध्याकाळ त्या सौद्यात येत नाही. सुरक्षिततेचा आग्रह कामगार चळवळीनेच प्रथम आणि सर्वांत मोठ्याने धरावा. तो मालकाच्या हाती सोपविला, तर त्याची पाळत व्हायला वेळ लागणार नाही.