शहर होण्याआधीचे नियोजन

शहरांच्या पर्यावरणविषयक प्रयत्नांची चर्चा महाराष्ट्रात सहसा महानगरपालिकांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे जेवढे हरितगृह वायू हवेत जातील तेवढेच शोषले जातील अशा स्थितीचे, उद्दिष्ट ठरवले, हे मोलाचेच आहे. पण ज्या वस्त्या अद्याप शहर म्हणून गणल्या जात नाहीत आणि तरीही शहरासारख्या वाढत आहेत, त्या नगररचनाकार आणि पर्यावरण अभियंते यांच्या कामात फार उशिरा येतात. भिवंडी तालुक्यातील अंबाडी ही अशीच एक वस्ती आहे. भिवंडी-वाडा रस्त्यावरून वज्रेश्वरीकडे जाणारा फाटा जिथे फुटतो, तिथला हा नाका आसपासच्या गावापाड्यांची बाजारपेठ आहे, जवळून तानसा नदी वाहते, आणि कारभार ग्रामपंचायतीच्या हाती आहे.

उशिराची किंमत याच तालुक्यात दिसते. 2011 च्या जनगणनेत 7,09,665 लोकसंख्या नोंदवलेल्या भिवंडी शहरात यंत्रमाग आणि घरे एकमेकांना खेटून आधी वाढली, सांडपाण्याची व्यवस्था मागाहून आली, आणि मधल्या काळाचा भार कामवारी नदीने सोसला. शहराबाहेर काल्हेर, पूर्णा, दापोडे, माणकोली या गावांत भातखाचरांवर भराव टाकून गोदामे उभी राहिली. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग तालुक्यातील आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला असल्याने जमिनीची मागणी आता आतल्या भागाकडे सरकेल, असे मानणेच शहाणपणाचे आहे.

कायद्याने ही पोकळी अर्धवटच भरली आहे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नगरपालिकांसोबत जनगणना शहरांनाही आपल्या कक्षेत घेतले. जनगणना शहर म्हणजे किमान 5,000 लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान 400 लोकांची घनता आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती व्यवसायात असलेली, पण नगरपालिका नसलेली वस्ती. हा दर्जा जनगणनेतून ठरतो आणि 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे 2011 नंतर ज्या गावांनी हे निकष ओलांडले असतील, ती एवढी वर्षे कागदावर खेडीच राहिली.

तंत्राच्या बाबतीत मात्र कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि इथेच व्यावसायिकांची खरी कसोटी आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन सांडपाणी जमिनीत मुरवले आणि गटारे उघडी ठेवण्याची गरजच संपवली, हे उदाहरण सर्वत्र गौरवले जाते व ते योग्यही आहे. परंतु कोकणपट्टीत पावसाळ्याचे चार महिने भूजल पृष्ठभागाच्या जवळ आलेले असते आणि खाली काळा कातळ असतो, म्हणून मराठवाड्यातला खड्डा जसाच्या तसा इथे खणला तर तो ऐन जुलैत तुडुंब भरून वर येण्याचा धोका राहतो. अशा ठिकाणी गाळ खाली बसवणारी टाकी आणि त्यापुढे कर्दळीसारख्या पाणी सोसणाऱ्या झाडांचा, खडी-वाळूचा उथळ वाफा अधिक भरवशाचा ठरतो. ओल्या कचऱ्याचेही तसेच आहे: उघड्यावरच्या ढिगावर मुसळधार पाऊस पडला की खत होण्याऐवजी काळे पाणी झिरपून ओढ्याला मिळते, म्हणून खताच्या जागेवर छप्पर हा खर्चाचा पहिला भाग असला पाहिजे. छतावरच्या पाण्याचा हिशेब तर सरळ आहे. 1,000 चौरस मीटर छतावर 2,000 मिलिमीटर पाऊस पडला, तर 20 लाख लिटर पाणी मिळते. कातळात मुरवलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकेलच असे नाही. इथे पुनर्भरणापेक्षा साठवण टाकीवर भर द्यावा लागेल.

पैशांची अडचण खरी आहे, तरीही ती पूर्ण सबब होऊ शकत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिली होती, तर राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने ऑक्टोबर 2020 पासून पंचमहाभूतांच्या चौकटीत ग्रामपंचायतींच्या कामाचे मूल्यमापन सुरू केले. उणीव आहे ती जागेला शोभेल असे अंदाजपत्रक आखून देणाऱ्या हातांची, आणि ते हात या मासिकाच्या वाचकांचे आहेत.

त्यातले पहिले काम कमी खर्चाचे आहे: नाक्याभोवतीचे ओहोळ, नाले आणि पाणी साचणाऱ्या सखल जमिनी गट क्रमांकांसह नकाशावर उतरवणे आणि तो नकाशा ग्रामसभेत मंजूर करून गावाच्या विकास आराखड्याला जोडणे. मोठ्या बांधकामांची परवानगी ग्रामपंचायतीबाहेरच्या कार्यालयातून मिळते, त्यामुळे नकाशाची एक प्रत त्या कार्यालयातही पोहोचवावी लागेल, आणि हे काम तानसेकडे उतरणाऱ्या एखाद्या ओहोळावर भरावाचा पहिला डंपर रिकामा होण्याआधी व्हायला हवे.