साहेबाचा स्वभाव आणि कामगाराचा रक्तदाब

मध्यंतरी एका फाउंड्रीतील सुपरवायझर माझ्या दवाखान्यात आले. वय त्रेचाळीस. विडी-सिगारेट नाही. मावा पूर्वी खात असत, तोही सोडलेला. तक्रार डोके दुखण्याची आणि झोप न लागण्याची. रक्तदाब पाहिला, १२८/८२. आठ दिवसांनी पुन्हा पाहिला, तसाच. चष्म्याचा नंबर तपासून झाला, रक्त-लघवी झाली, काही सापडेना. शेवटी मी माझ्याकडचे इलेक्ट्रॉनिक यंत्र त्यांच्या हातात दिले आणि सांगितले, "हे डब्याच्या पिशवीत घालून कामावर न्या. दिवसातून तीन वेळा पाच मिनिटे शांत बसून मोजा आणि कागदावर लिहून ठेवा."

आठवड्याने कागद आला. सकाळी घरी १२६, १३०. कामावर १५०, १५४. आणि एका दुपारी १६८/१०४. त्या आकड्यापुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : 'साहेब'.

"काय सांगायचं डॉक्टर," ते म्हणाले, "साहेब शॉपमध्ये आले की पोटात गोळाच येतोय बघा. चूक असली तर बोलू देत की, पण हाताखालच्या पोरांसमोर पार आईवरनं बोलत्यात."

दवाखान्यात नॉर्मल आणि कामावर वाढलेला, अशा रक्तदाबाला आम्ही लपलेला रक्तदाब म्हणतो. तो कल्पनेतला नसतो. हृदयाला, मेंदूला आणि मूत्रपिंडाला तो खऱ्या रक्तदाबाइतकाच जाचतो, फक्त डॉक्टरांना सापडत नाही. त्या गृहस्थांना गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले. पण गोळी लिहून देताना मनात आले, की या आजाराचे निम्मे कारण दुसऱ्याच माणसाच्या स्वभावात आहे आणि तो माणूस काही माझ्याकडे येणार नाही.

स्वभावाचा आणि हृदयाचा संबंध नवा नाही. १९५०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचे दोन हृदयरोगतज्ज्ञ, फ्रीडमन आणि रोझेनमन, यांच्या दवाखान्यातील खुर्च्या पुढच्या कडेला झिजत असत. गादीवाल्याच्या ते लक्षात आले. रुग्ण म्हणे खुर्चीत रेलून बसतच नसत, कडेवर बसून नंबर कधी येतो याची वाट पाहत. यातून पुढे 'ए' प्रकृतीची कल्पना निघाली : सदा घाईत, सदा चढाओढीत, दुसऱ्याचे वाक्य स्वतःच पुरे करणारा, लाल सिग्नलला हॉर्न वाजवणारा माणूस. अशांना हृदयविकार अधिक होतो असे सुरुवातीच्या मोठ्या अभ्यासात दिसले आणि ही कल्पना जगभर पसरली. वाचकहो, त्यानंतरची हकीगत मात्र फारशी सांगितली जात नाही. पुढच्या अनेक अभ्यासांत हा संबंध टिकला नाही, आणि या संशोधनाला सिगारेट कंपन्यांनी भरपूर पैसा पुरवला होता हेही नंतर उघड झाले. हृदयविकाराचा दोष सिगारेटऐवजी स्वभावावर गेला तर त्यांना हवाच होता! मग त्यातले उरले काय? घाई आणि कामाचा झपाटा हे फारसे वाईट ठरले नाहीत. वाईट ठरला तो मनात धुमसणारा राग, समोरच्याबद्दलचा संशय आणि तुच्छता. म्हणजे भराभर काम करणाऱ्या कारखानदाराने घाबरायचे कारण नाही, प्रत्येक कामगार आपल्याला फसवतोच आहे असे मानणाऱ्याने मात्र आपली छाती तपासून घ्यावी.

हे झाले साहेबाच्या हृदयाचे. हाताखालच्यांचे काय?

आपल्याकडे समज असा, की हार्टॲटॅक हा मोठ्या माणसांचा रोग. जबाबदारी मोठी, म्हणून ताण मोठा. लंडनमध्ये १९६७ साली सरकारी कचेऱ्यांतील सतरा हजारांवर पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली. व्हाइटहॉल अभ्यास या नावाने ती प्रसिद्ध आहे. मायकेल मार्मट यांनी त्यातून दाखवले, की सर्वांत खालच्या पायरीवरचे शिपाई आणि दारवान हे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट प्रमाणात हृदयविकाराने दगावत होते. धूम्रपान, रक्तदाब, चरबी हे सगळे हिशेबात धरले तरी फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहत होता. १९८५ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत दहा हजारांवर स्त्री-पुरुष होते. तिच्यात त्याचा एक धागा सापडला : आपले काम कसे करायचे यात ज्यांना काहीच बोलता येत नव्हते, त्यांना हृदयविकार अधिक. आणि वरिष्ठ आपल्याला न्यायाने वागवतात असे ज्या पुरुषांना वाटत होते, त्यांच्यात तो कमी. स्वीडनमध्ये तर स्टॉकहोमच्या तीन हजारांवर कामगारांना आपल्या साहेबाबद्दलच प्रश्न विचारले गेले : तो काम नीट समजावून सांगतो का, माहिती देतो का, पुरेसा अधिकार देतो का. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा साहेब चांगला, त्यांना पुढील वर्षांत हृदयविकार कमी झाला होता. अर्थात अशा पाहण्यांतून कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो. पण इतक्या ठिकाणी तोच संबंध दिसू लागला, की त्याकडे काणाडोळा करणे बरे नाही.

इथे आमचे कोल्हापूरकर कारखानदार म्हणतील, "डॉक्टर, गोड बोलून ओतकाम होत नसतं. भट्टी पेटलेली असताना कुणाला 'कृपया' म्हणायचं?" बरोबर आहे. आणि आमच्या गावात शिवी कित्येकदा मायेनेही दिली जाते, हे बाहेरच्याला समजत नाही. तालमीतला वस्ताद पहा. पहाटे पोरगे उठले नाही तर तो काठीने उठवतो, बैठकांत चुकारपणा केला तर सगळ्यांदेखत बोलतो. पण तोच वस्ताद त्याच पहाटे स्वतः हौद्यात उतरलेला असतो, पोराने दूध घेतले की नाही हे बघतो, मान लचकली तर स्वतः चोळतो. पैलवानाला ठाऊक असते, की हा माणूस आपल्या चुकीवर चिडलाय, आपल्यावर नाही. कडकपणा आणि पाणउतारा यांतला हा फरक खासबागेत कुस्ती बघणाऱ्या कुणालाही कळतो. शॉप फ्लोअरवर आला की तोच माणूस तो विसरतो, याचे मला कोडे आहे.

कुस्तीचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. गोळेश्वरचा हा गडी इथल्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. खाशाबांची ताकद आणि चपळाई त्यांची स्वतःची होती, त्यात शंका नाही. पण कर्तृत्वाचा हिशेब मांडताना आपण नेहमी पैलवानाचाच स्वभाव मोजतो, मागे उभ्या राहिलेल्या माणसाचा मोजत नाही. कारखान्यातही तेच. उत्पादन घसरले की 'पोरं कामचुकार झालीत'. वाढले की 'साहेब कडक आहे'.

नोकरीला माणूस घेताना स्वभाव बघू नये असे मी म्हणत नाही. बॅरिक आणि माउंट या अमेरिकन अभ्यासकांनी १९९१ साली शंभरावर पाहण्या एकत्र करून पाहिल्या. कोणत्याही धंद्यात कामाशी सातत्याने जुळणारा गुण एकच निघाला, तो म्हणजे नेटकेपणा : हातातले काम पुरे करण्याची सवय, वेळ पाळणे, शब्द पाळणे. बोलकेपणाचा उपयोग विक्रेत्याला आणि साहेबाला होतो खरा, पण तोही सगळीकडे नाही. पिझ्झाच्या दुकानांवरील २०११च्या एका अभ्यासात असे दिसले, की जिथे नोकर स्वतःहून सूचना करणारे होते तिथे अबोल व्यवस्थापकाचा धंदा अधिक चालला. कारण साधे : तो ऐकून घेत होता.

ऐकून घेण्याचा विषय मला जिव्हारी लागतो, त्याचे कारण माझ्याच दवाखान्यात आहे. काही वर्षांपूर्वी एका पुडीवर चुकीचे नाव लिहिले म्हणून मी आमच्या कंपाउंडरला पेशंटसमोर फाडफाड बोललो. मला वाटले, आता पुन्हा चूक होणार नाही. महिन्याभराने त्यांच्या हातून एका मधुमेही आजींना साखरेची गोळी दुप्पट ताकदीची गेली. संध्याकाळी त्यांच्या ते लक्षात आले. पण मला सांगायचे धाडस झाले नाही. रात्रभर तळमळले आणि सकाळी आधी माझ्या पत्नीला सांगितले. आजींना रात्री दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले. सून शहाणी, तिने साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. त्या रात्री काय झाले असते, याचा विचार अजूनही नको वाटतो. चूक कंपाउंडरची होती, पण बारा तासांचा उशीर माझा होता.

पुढे वाचनात आले, की हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात इस्पितळांतील औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या प्रमुखांच्या वॉर्डांत त्या जास्त भरल्या. त्या चक्रावल्या. नंतर उलगडा झाला, की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जात होत्या. हे वाचून मी आमच्या सुपरवायझरना विचारले, "नवे साहेब आल्यापासून तुमचे रिजेक्शन कमी झाले का?" ते पहिल्यांदाच हसले. "कागदावर कमी झालंय," म्हणाले. ब्लोहोल पडलेले कास्टिंग आता खालचा पोरगा गुपचूप बाजूला सारतो, नाहीतर तसेच पुढे ढकलतो. माल गिऱ्हाइकाकडून परत आला की मग कळते. मालकांना वाटते, वचक बसला!

ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांना डॉक्टर म्हणून एवढेच सुचवीन : बोलायचे ते बोला, पण केबिनमध्ये बोलावून, चुकीबद्दल बोला, आईबापांबद्दल नको. काम सांगताना ते का करायचे हेही दोन शब्दांत सांगा. चूक सांगायला आलेल्याला आधी बसवा, मग चिडा. आणि स्वतःचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजा. खेकसणाऱ्या माणसाची झोप, साखर, दाब यांपैकी काहीतरी बिघडलेले असते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना नोकरी सोडता येत नाही आणि साहेबही बदलता येत नाही, त्यांच्यासाठी उपाय थोडे आहेत, पण आहेत. दवाखान्यात दाब नॉर्मल येत असेल आणि डोके मात्र कामाच्या दिवशीच दुखत असेल, तर कामावर मोजलेले आकडे डॉक्टरांना दाखवा. मोजताना पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत टेबलावर, आणि आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. कामावरचे आकडे वारंवार १४०/९० च्या वर जात असतील तर ते 'टेन्शनमुळे' म्हणून सोडून देऊ नका, टेन्शनमुळे वाढलेल्या दाबालाही उपचार लागतातच. घरी सोबत्याशी, बायकोशी बोला. रात्रीची क्वार्टर या दुखण्यावर औषध नाही, ती दाब वाढवते आणि झोप मोडते.

आणि एक. छातीत मधोमध दाब, हाताला किंवा जबड्याला कळ, थंड घाम, धाप, यांपैकी काही सुरू झाले तर पाळी संपायची वाट पाहू नका, मोटारसायकलला किक मारून एकट्याने निघू नका. शेजारच्या माणसाला सांगून तिथेच बसा आणि १०८ ला फोन करायला लावा. साहेबांची परवानगी मागायला वर जिना चढून जाऊ नका.