इंजिन उघडलंच आहे, तर कव्हरला पावडर कोटिंग करून घेऊ? थांबा, आधी सीलचं बघा

ऑगस्ट २०२५ मध्ये ई-२० पेट्रोलवरून जो गदारोळ उठला, त्यात एक वाक्य बऱ्याच जणांनी पकडून ठेवलं. पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा करताना म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांमध्ये साधारण २०,००० ते ३०,००० किलोमीटर चालल्यावर रबरी भाग किंवा गॅस्केट बदलावे लागू शकतात. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ई-२० विरोधातली याचिका फेटाळली, म्हणजे पंपावर मिळणारं पेट्रोल बदलणार नाही हे ठरलं. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असलेल्यांनी मग गॅरेज गाठायला सुरुवात केली.

गॅरेजात गेलं की दुसरा प्रश्न आपोआप येतो. "रबर बदलायला इंजिन उघडतोच आहोत, तर टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर पावडर कोटिंगला टाकू का? काळं पडलंय सगळं." गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की आज त्यावरच लिहितोय. छत्रपती संभाजीनगरात तर तो येणारच. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ पासून स्कोडाच्या गाड्या इथे जोडल्या जाऊ लागल्या, एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक याच मातीत मोठ्या झाल्या. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या लहान युनिटमध्ये पावडर कोटिंगवालेही भरपूर. वाळूज किंवा चिकलठाण्यात ओळखीचा कोटिंगवाला नाही असा गाडीशौकीन शोधावा लागेल! सोय हाताशी आहे म्हणून माणूस विचार न करता पार्ट देऊन मोकळा होतो. मीही झालो होतो, ते पुढे सांगतो.

भट्टीत नक्की काय होतं

पावडर कोटिंग म्हणजे पाण्यात किंवा थिनरमध्ये न मिसळलेला, कोरड्या भुकटीच्या रूपातला रंग. गनमधून निघताना भुकटीला विद्युतभार मिळतो, पार्ट अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे भुकटी त्याला चिकटून बसते. नंतर पार्ट ओव्हनमध्ये जातो. नेहमीच्या पावडरला साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला १० ते २० मिनिटं लागतात. त्यात ती वितळते, तिच्या रेणूंची आपसात जोडणी होते आणि ६० ते ८० मायक्रॉनचा एकसंध थर तयार होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. ते १८०-२०० अंश हवेचं तापमान नसून धातूचं आहे. पत्र्याचा कंस दोन-चार मिनिटांत तेवढा तापतो, पण ॲल्युमिनियमच्या जाड कास्टिंगला बराच जास्त वेळ लागतो. चांगला कोटिंगवाला धातू तापल्यावर घड्याळ सुरू करतो. म्हणजे २० मिनिटांच्या जॉबसाठी पार्ट प्रत्यक्षात ४०-४५ मिनिटं ओव्हनमध्ये असू शकतो. शिवाय कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं असतात, त्यांत तेल आणि हवा अडकलेली असते. ती कोटिंग चालू असताना बाहेर आली तर रंगावर फोड आणि खड्डे येतात. म्हणून जुनं कास्टिंग आधी नुसतंच भाजून घेतात, तेही क्युअरिंगपेक्षा थोड्या जास्त तापमानाला. एकूण तासभर तरी पार्ट त्या उष्णतेत राहतो, असं धरून चला.

आता सील. जुन्या गाड्यांतली बरीच ऑइल सील आणि ओ-रिंगा नायट्राइल रबराच्या असतात. हे रबर कायम १०० अंशांच्या आसपास काम करायला बनलेलं असतं, आणि इंजिन ऑइल साधारण तेवढंच तापत असल्यामुळे वर्षानुवर्षं चालतं. रबराच्या म्हातारपणाचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. १०० वरून २०० अंशांवर जायचं म्हणजे दहा वेळा निम्मं, म्हणजेच सुमारे हजारपट वेग. ओव्हनमधला एक तास म्हणजे रस्त्यावरचे हजार तास. ताशी ४० किलोमीटरच्या सरासरीने धरलं तर सीलचं ४०,००० किलोमीटरचं आयुष्य एका दुपारीत संपलं! हिशोब ढोबळ आहे, २०० अंशांना रबरात इतरही बदल होतात, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

व्हायटॉन म्हणून ओळखलं जाणारं फ्लोरोरबर २०० अंश सोसतं, सिलिकॉनही साधारण तेवढं. नव्या गाड्यांत क्रँकच्या सीलला फ्लोरोरबर वापरलेलं आढळतं. पण काढलेलं सील नुसतं बघून ते कोणत्या रबराचं आहे हे खात्रीने सांगता येत नाही. रंगावरून तर नाहीच. काळं नायट्राइलही असतं आणि काळं फ्लोरोरबरही.

माझं टायमिंग कव्हर

आमच्या घरच्या जुन्या गाडीचं टायमिंग कव्हर मी असंच एका ठिकाणी टाकलं होतं. क्रँकचं पुढचं सील त्यातच बसवलेलं होतं. "सील नवीनच आहे, राहू द्या, टेप लावून देतो," असं तिथे सांगितलं गेलं आणि मी मान डोलावली. कव्हर आलं ते देखणंच आलं, सॅटिन ब्लॅक. पंधरा दिवसांनी पार्किंगच्या फरशीवर तेलाचे थेंब. परत पुली काढा, परत कव्हर उघडा. सील काढून बोटाने दाबलं तर ओठ प्लॅस्टिकसारखा कडक. त्यावरची लहान स्प्रिंग जागेवर होती, पण ओठच वाकत नसल्यावर ती बिचारी काय करणार! सीलची किंमत किरकोळ, मजुरी मात्र दोनदा भरली.

टेप पावडर अडवते, उष्णता अडवत नाही. इतकी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: कोटिंगला जाणाऱ्या पार्टमध्ये एकही सील, ओ-रिंग, बेअरिंग किंवा प्लॅस्टिकचा तुकडा राहता कामा नये. सील काढताना खराब होतंच, ते परत बसवायचा मोह टाळा. नवीन सील कोटिंगनंतर. बेअरिंगचंही तसंच. बंद बेअरिंगच्या कडेला बहुधा नायट्राइलच असतं, आतलं ग्रीस पातळ होऊन वाहतं, आणि साध्या बॉल बेअरिंगच्या कड्या साधारण १२० अंशांपर्यंतच मापात राहतील अशा केलेल्या असतात. त्यातून ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं. ४७ मिलिमीटरच्या घरात १६० अंशांची वाढ झाली तर दोघांच्या व्यासात सुमारे ०.०८ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे बेअरिंग गरम असताना आपोआप सैल होतं.

सील काढलं म्हणजे काम झालं असंही नाही. सील जिथे बसतं ते घर झाकलं नाही, तर ७० मायक्रॉनचा थर दोन्ही बाजूंनी मिळून व्यास ०.१४ मिलिमीटरने कमी करतो. ३५ मिलिमीटरच्या घराला एच-८ दर्जाची सूट असते फक्त ०.०३९ मिलिमीटर. सील तिरकं बसेल किंवा बसवताना त्याची कड सोलून निघेल. गॅस्केटचा पृष्ठभाग, बोल्टच्या डोक्याखालची जागा, अर्थिंगची जागा, सगळ्या आट्या यांनाही हेच लागू. बोल्टखालचा रंग गरम होऊन हळूहळू दबतो आणि बोल्टचा ताण उतरतो, मग गॅस्केटमधून तेल पाझरतं आणि दोष सीलला लागतो. भोकांना उष्णता सोसणारे सिलिकॉनचे बूच आणि सपाट जागेला उष्णतेला टिकणारी पॉलिएस्टरची हिरवी टेप वापरतात. खोके बांधायची तपकिरी टेप कोणी काढलीच, तर पार्ट उचला आणि घरी या.

सर्वात मोठा धोका मात्र मी अजून सांगितलेला नाही, आणि तो ओव्हनच्या आधीच असतो. जुना रंग आणि मळ काढायला सँडब्लास्टिंग किंवा शॉट ब्लास्टिंग करतात. बऱ्याच टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला तेलाचे शिंतोडे अडवणारी पत्र्याची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. तिच्यामागे शिरलेले कण हवा मारून, पाणी मारून पूर्ण निघत नाहीत. इंजिन सुरू झालं की ते गरम तेलाबरोबर खाली येतात, आणि मग सील सोडा, क्रँकच्या बेअरिंगाच घासल्या जातात. पट्टी काढता येत असेल तर आधी काढा. येत नसेल तर ब्लास्टिंग नको, रसायनाने रंग काढा. ज्या पार्टमध्ये तेलाच्या बारीक वाटा आहेत, उदाहरणार्थ ऑइल पंपाची बॉडी, तो माझ्या मते कोटिंगला देऊच नये. सिलिंडर हेडही नको.

इथे आपल्या शहराचा एक खास मुद्दा. बहुतेक युनिटची सेव्हन टँक प्रोसेस पोलादी पत्र्यासाठी लावलेली असते. त्यातल्या तीव्र आम्लाच्या किंवा क्षाराच्या टाकीत ॲल्युमिनियम बुडवलं तर ते काळवंडतं, खातं. मशीन केलेल्या पृष्ठभागावर ते खाणं म्हणजे पुन्हा गळतीच. देताना "हे ॲल्युमिनियम कास्टिंग आहे" असं तोंडी सांगून थांबू नका, चिठ्ठी बांधा. हँगरवर शंभर कंसांच्या मध्ये तुमचं एक कव्हर असतं.

मिस्त्री लोक आणखी एक भीती घालतात, की कोटिंग केलं तर इंजिन जास्त तापेल. यात फारसं तथ्य नाही. थर उष्णतारोधक आहे हे खरं, पण तो ७० मायक्रॉनचा. धातूकडून हवेकडे उष्णता जाताना खरा अडथळा हवेचाच असतो, त्यापुढे या थराचा वाटा एक-दोन टक्क्यांचा निघतो. काळा रंग तर उष्णता बाहेर टाकायला थोडी मदतच करतो. फक्त आतल्या, तेल लागणाऱ्या बाजूला थर नको, पोपडा सुटला तर तो तेलाच्या जाळीत जाऊन बसतो.

"कमी तापमानाची पावडर मिळते, ती वापरली तर?" मिळते, १५० अंशांच्या आसपास क्युअर होणारी. ओव्हनचं बिल वाचतं, पण नायट्राइलच्या दृष्टीने १५० सुद्धा जास्तच. सील काढणं शक्यच नसेल तर पावडरचा नाद सोडा आणि दोन घटकांचा पातळ रंग मारा, तो हवेवर किंवा ६०-८० अंशांना वाळतो. जोडलेल्या इंजिनावर कारखान्यातही पावडरऐवजी पातळ रंगच मारतात, ते याचमुळे.

आता परत ई-२० कडे. इथेनॉलमुळे जुन्या नायट्राइलला सूज येते, ते मऊ पडतं, ही तक्रार खरी आहे. पण ते पेट्रोल जिथे लागतं तिथे: इंधनाचे पाइप, पंप, कार्ब्युरेटरच्या ओ-रिंगा. क्रँकच्या आणि टायमिंग कव्हरच्या सीलला पेट्रोल लागत नाही, तेल लागतं. तेव्हा कोटिंग करून आणल्यावर पुढून तेल गळायला लागलं आणि गॅरेजवाला "ई-२० मुळे झालं" म्हणाला, तर त्याला विचारा की कव्हर ओव्हनमध्ये गेलं तेव्हा सील आत होतं की बाहेर.

इंजिनं कमी झाली की हा विषय संपेल, असं समजू नका. बिडकीनला एथरचा कारखाना जाहीर झालाय, टोयोटाने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी इथल्या प्रकल्पाचा करार केलाय. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरच्या घरातही सील आणि बेअरिंग आहेत, बॅटरीच्या पेटीला पाणी अडवणारं गॅस्केट आहे, आणि या दोन्हींवर पावडर कोटिंग होतं. तिथे चूक झाली तर तेल बाहेर येत नाही, पाणी आत जातं. वाळूजच्या लहान कोटिंगवाल्यांपैकी जे आज धातूचं तापमान मोजतात आणि झाकायच्या जागांचं चित्र जॉबबरोबर लावतात, त्यांना ते काम मिळेल असा माझा अंदाज आहे. तुमचं कव्हर द्यायलाही तीच जागा शोधा. ओव्हनमध्ये पार्टचं तापमान कसं बघता, एवढं विचारलं तरी कळतं.