‘चालत नाही’ म्हणणारा कोण?

‘हे आमच्यात चालत नाही.’ या चार शब्दांनी आमच्या पूर्वजांना पाणवठ्यावरून, देवळाच्या पायरीवरून आणि शाळेच्या ओसरीवरून जितके हाकलले, तितके लाठीनेही हाकलले नसेल. हे वाक्य नीट तपासा. त्यात मनाई आहे, पण मनाई करणारा नाही. ‘मी तुला पाणी भरू देत नाही’ असे म्हणणाऱ्यास ‘तू कोण?’ असे विचारता येते. ‘चालत नाही’ म्हणणारा मात्र जणू सृष्टीचाच नियम सांगतो. पाणवठा त्याचा आणि विटाळ आमचा, ही दोन गृहीते तो उच्चारीतच नाही. आणि जे उच्चारले नाही त्याचे खंडन करावयाचे कसे?

ते महाडने दाखविले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव १९२३ साली मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसह आमचे लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे वाद न्यायालयात गेला आणि त्या मुक्या गृहीताला तोंड उघडावे लागले: तळे खाजगी आहे, मनाई ही अनादि रूढी आहे! पुरावा मागताच ते लंगडे पडले. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला.

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरविला. मग ते वाक्य मेले काय? नाही, त्याने वेष पालटला. आज शहरात भाड्याचे घर पाहावयास गेलेल्यास प्रथम आडनाव विचारतात आणि मग हसतमुखाने सांगतात, ‘आमच्या सोसायटीत मांसाहार चालत नाही.’ जातीचा उच्चारही होत नाही!

याउलट धम्माची भाषा पहा. पंचशीलातही वर्ज्य गोष्टीच सांगितल्या आहेत. पण तेथे कोणी दुसऱ्यास बजावीत नाही. ‘समादियामि’, मी स्वीकारतो, असे प्रत्येकजण स्वमुखाने म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास घेतलेल्या बावीस प्रतिज्ञाही ‘मी’च्याच आहेत. तेथे बोलणारा लपत नाही.

म्हणून बांधवहो, सोयरिकीची गोष्ट निघताच आपल्याच घरात कोणी ‘त्या पोटजातीत आपले चालत नाही’ असे म्हणाला, तर त्यालाही सोडू नका. विचारा: कोणाला चालत नाही? कोणत्या कारणाने? ज्याने त्रिशरण घेतले, त्याच्यापाशी याचे उत्तर नाही.