मामींना काम सांगा

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत पहिली कुरकुर झाली ती विधवांच्या जेवणावरून. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी ती पुढच्या बैठकीवर ढकलली नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं आणि चांगल्या नावाची सात माणसं त्या एका कामावर नेमली. त्यांतलाच स्तेफन पुढे मंडळीचा पहिला हुतात्मा झाला. प्रेषितांच्या कृत्यांचा हा सहावा अध्याय वाचताना मला हटकून आपल्या पंच कमिटीच्या बैठका आठवतात. छपराची गळती, कंपाउंडची भिंत, जमिनीचा दावा, नाताळचा मंडप. घरात अडकून पडलेल्या सभासदांचा विषय क्वचितच निघतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौल साठी उलटलेल्या विधवांची यादी ठेवायला सांगतो. आपली वर्गणीची वही चोख असते. गुडघ्यांमुळे किंवा पायऱ्यांमुळे कुणाकुणाचं चर्च सुटलं, याची वही मात्र मी अजून पाहिलेली नाही.

नगरकडच्या मंडळ्या जुन्या. अमेरिकन मराठी मिशनने इथे १८३१ मध्ये काम सुरू केलं आणि १८३३ मध्ये मंडळी स्थापन झाली. आज ऐंशीच्या घरात असलेले आपले कितीतरी सभासद मिशनच्या शाळांत शिकले. कुणी शिक्षक झालं, कुणी मिशन हॉस्पिटलात नर्स. रात्रपाळ्या करून त्यांनी मुलांना शिकवलं आणि मुलं पुण्या-मुंबईला नाहीतर आखातात गेली. यात मुलांना बोल लावण्यासारखं काही नाही. म्हणूनच या वडीलधाऱ्यांकडे पाहणं हे काम मंडळीचं आहे.

आपण काहीच करत नाही असंही नाही. पाळकसाहेब घरोघरी प्रभुभोजन नेतात, महिला मंडळाच्या बायका आजाऱ्यांना भेटतात. अशा एका भेटीला मी बरोबर गेलो होतो. मामी निवृत्त नर्स, आता अंथरुणाला खिळलेल्या. सुनेनं स्टुलावर धुतलेला पांढरा रुमाल अंथरून ठेवला होता. त्या सुनेचं नाव मामींना आठवत नव्हतं, पाळकसाहेबांना त्या दोनदा 'डॉक्टर' म्हणाल्या. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तशी त्यांनी ती शेवटपर्यंत, एक शब्द न अडखळता म्हटली. मग आमच्यातल्या एका बाईंनी रेव्हरंड टिळकांचं एक भजन धरलं. मामींनी हात वर करून थांबवलं. "अशी नाही गं ती चाल," म्हणाल्या आणि स्वतः सुरू केलं. आवाज कापत होता, मधेच दम लागत होता, तरी चाल सुटली नाही. ती चाल आमच्यापैकी कुणीच ऐकलेली नव्हती.

'उपासना संगीत' या आपल्या भजनांच्या पुस्तकात टिळकांचे, कृष्णा रत्नाजी सांगळ्यांचे शब्द आपल्याला छापील मिळतात. ते गायचं कसं, हे मामींसारख्या माणसांच्या गळ्यात आहे. पडद्यावरची नवी गीतं आणि कीबोर्ड यांना माझा विरोध नाही, त्यांच्यामुळे मुलं उपासनेला येतात. त्याच मुलांनी मोबाइल घेऊन मामींकडे बसावं, चाली रेकॉर्ड कराव्यात, पेटीवर बसवून रविवारी गाव्यात, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्या ममतेत मला एक उणीव दिसते. वडीलधाऱ्यांना आपण आजारी म्हणून भेटतो, वर्षातून एकदा शाल देऊन फोटो काढतो आणि जबाबदारीच्या प्रत्येक कामातून अलगद बाजूला करतो. आमच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "सगळे तब्येत विचारतात रे. काम कुणीच सांगत नाही." चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला संडे स्कूलमध्ये गोष्ट सांगायला बोलावणं अवघड आहे का? आजाऱ्यांच्या नावांची यादी देऊन रोज प्रार्थना करायला सांगणं, नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याला त्यांच्याकडे चहाला पाठवणं, दफनभूमीतल्या पुसट झालेल्या कबरी कुणाच्या हे त्यांच्याकडून लिहून घेणं, ही सगळी मंडळीची खरी, अडून राहिलेली कामं आहेत. बाळ येशूला मंदिरात आणलं तेव्हा त्याला ओळखलं ते म्हाताऱ्या शिमोनाने आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या हन्नाने. ती दोघं मंदिरात येऊ शकत होती, हे विसरू नये.

तेव्हा आधी त्यांना चर्चपर्यंत आणायला हवं. पायऱ्यांना कठडा, एका बाजूला उतार, मोठ्या अक्षरांतली भजनं, पाठीला टेकू मिळेल अशा चार खुर्च्या. नाताळच्या रोषणाईतून थोडं वाचवलं तरी एवढं होईल. कमिटीचा ठराव होईल तेव्हा होवो. तुमच्या गाडीत जागा असेल तर या शनिवारीच फोन करा, "बाई, साडेआठला येतो, तयार राहा." आणि उपासना संपल्यावर त्यांना लगेच घरी सोडायची घाई करू नका, चार माणसांशी त्यांना बोलू द्या.