पायतण आणि पुण्य



चाळीस वर्षे उभ्याने कीर्तन केले. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, म्हणून बसून लिहितो. कीर्तनाला आधी अभंग घ्यायचा, मग त्याचे निरूपण करायचे, ही आपली रीत. आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही. चप्पल घेतली आहे. कुणाला हे हलके वाटेल. वाटू द्या, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी माझा अपराध सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका सप्ताहात माझे कीर्तन होते. वारी तोंडावर आली होती. ओघात मी बोलून गेलो, की चपला घालून जो चालतो त्याची वारी चपलेलाच पावते, पायाला पावत नाही. मंडपात टाळ्या पडल्या, टाळकऱ्यांनी गजर केला. मला आपले वाक्य फार आवडले आणि पुढच्या दोन-चार गावांतही मी ते वापरले.

त्या मंडपात आमच्याच दिंडीतला एक टाळकरी बसला होता. त्याने ते वाक्य ऐकले नुसते नाही, धरले. आळंदीला प्रस्थानाच्या दिवशी त्याने पायातली वहाण काढून पडशीत ठेवली. त्याला साखरेचा आजार होता. मला ते ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते. दिवेघाटात डांबर तापले होते. जेजुरीच्या पुढे त्याच्या तळव्याला फोड आला, तो फुटला, त्यात खडा शिरला. त्याला काहीच कळले नाही, कारण साखरेने पायाची जाणीव आधीच गेली होती. फलटणला दवाखान्याच्या तंबूत डॉक्टरांनी जखम पाहिली आणि गाडीत बसायला सांगितले. तो म्हणाला, "महाराजांनी सांगितलंय, वारी पायानंच करायची." तसाच चालला. वाखरीला त्याचा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. एकादशीनंतर पायाची दोन बोटे कापावी लागली.

पुढच्या वर्षी तो गाडीने पंढरपूरला आला आणि माझ्याच पाया पडला. म्हणाला, "महाराज, वारी चुकली नाही, पण चाल गेली." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या तोंडी आले नाही. पण इतर व्यासपीठांवरून ते आजही ऐकू येते. शब्द निराळे, भाव तोच: अनवाणी चालला तो खरा वारकरी, बाकीचे हौशी. याच मताशी माझे भांडण आहे. आपल्या रीतीने एकेक शंका घेऊ आणि तिचे समाधान करू.

शंका पहिली : देवाच्या वाटेवर पायतण म्हणजे अमंगळ नव्हे का?

मायबापहो, रथातल्या पालखीत काय असते? माउलींच्या पादुका. पादुका म्हणजे पायतणच. नीरेच्या काठी आपण स्नान घालतो ते पादुकांना. भरताने अयोध्येच्या सिंहासनावर ठेवल्या त्याही रामाच्या पादुकाच. ज्या वस्तूला डोक्यावर घेतो, तिलाच पायात अमंगळ म्हणायचे, हा कुठला न्याय? आणि जोडे शिवणाऱ्या रोहिदासांना आपण संत म्हणतो. त्यांना हात जोडायचे आणि त्यांच्या हातच्या कामाला नाक मुरडायचे, हे बरे नव्हे. आजही पालखीच्या वाटेवर चर्मकार बांधव तुमच्या तुटलेल्या चपला पैसा न घेता शिवून देतात. ती सेवा कीर्तनापेक्षा कमी आहे असे मला तरी म्हणवत नाही.

कीर्तनात, मंदिरात पायतण बाहेरच राहते. ती मर्यादा आहे आणि ती पाळलीच पाहिजे. पण मर्यादा जागेची असते. तिला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर ताणू नये.

शंका दुसरी : कष्ट सोसले नाहीत तर ती वारी कसली?

आपला पंथ देह जाळायला सांगत नाही. गळ्यात माळ, एकादशी, नाम आणि नेमाची वारी, एवढेच मागतो. कष्ट मागावे लागत नाहीत. ऊन, पाऊस, गर्दी, चिखल, उघड्यावरची झोप हे न बोलावता येतातच. वर आणखी ओढवून घेतलेल्या कष्टाने काय होते, ते चालणाऱ्याला विचारा. टाचेला फोड आला की तोंडात विठ्ठल असतो आणि ध्यान टाचेत असते. मुक्काम किती लांब, एवढाच जप चालतो. जे पायतण पायाचा विसर पाडते ते नामाला साहाय्य करते. जे दुखणे पायाची सतत आठवण देते ते नामात विघ्न आणते.

शंका तिसरी : आमचे वाडवडील अनवाणीच गेले ना?

गेले. पण ते बारा महिने अनवाणी असत. नांगरामागे चालून त्यांचे तळवे कातड्यासारखे झाले होते आणि वाट मातीची होती. तुम्ही वर्षभर फरशीवर चालता आणि पालखीमार्ग आता डांबराचा, काँक्रीटचा, चौपदरी झाला आहे. वाडवडिलांचा नेम घ्यायचा तर त्यांचे वर्षही घ्या. नुसते तीन आठवडे घेऊ नका. ज्याचा नवस आहे आणि ज्याचा पाय त्याला सरावलेला आहे, त्याने खुशाल अनवाणी चालावे. मी त्याच्या पाया पडेन. त्याने मात्र शेजारच्याच्या पायाकडे पाहून नाक मुरडू नये. अनवाणीपणाचा ताठा हा तापल्या डांबराहून जास्त पोळतो.

आता दुसऱ्या बाजूचेही कान धरतो. काही तरुण मंडळी प्रस्थानाच्या आदल्या दिवशी भारी बूट विकत घेतात आणि पुणे ते सासवड या सगळ्यांत लांब चालीलाच लंगडू लागतात. नवे पायतण चावते, मग ते कितीही महाग असो. हा अंक वैशाखात तुमच्या हाती येईल. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान. मधला काळ जोडा पायाला ओळखीचा करायला पुरेसा आहे. आताच घ्या आणि रोज घालून चाला. आठवड्यातून एकदा दोन-तीन तास सलग चाला. जिथे घासतो ते घरीच कळू द्या.

घेताना संध्याकाळी जा. दिवसभराने पाय थोडा सुजतो आणि वारीत तो सुजलेलाच असतो. दोन्ही पायांत घाला, उभे राहा, चार पावले चाला. पुढे अंगठाभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर घाट उतरताना नखे काळी पडतात. टाच मात्र हलता कामा नये. पातळ रबरी स्लीपरमधून खडा टोचतो आणि चिखलात ती मागे राहते. चामड्याची कोल्हापुरी भिजली की सैल पडते. बंद बूट एकदा भिजला की रात्रीत वाळत नाही आणि बोटांमध्ये चिखल्या होतात. म्हणून मी सांगतो ते साधे आहे: जाड तळाची, खाचा असलेली, मागे पट्टा असलेली सँडल. बूटच हवा असेल तर मोज्यांचे तीन जोड ठेवा आणि रोज कोरडा घाला. पडशीत एक जुनी, सवयीची जोडीही असू द्या.

साखर असलेल्याने वेगळे ऐकावे. त्याने अनवाणी एक पाऊलही टाकू नये, मुक्कामाच्या राहुटीतही नाही. रोज संध्याकाळी पाय धुवून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसून, उजेडात तळवा पाहावा. स्वतःला दिसत नसेल तर शेजारच्या माउलीला पाहायला सांगावे. कढत पाण्यात पाय घालू नये. भाजलेले कळत नाही. फोड दिसला की त्याच दिवशी दवाखान्याचा तंबू गाठावा. डॉक्टर गाडीत बसा म्हणाले तर बसावे. गाडीत बसला म्हणून पांडुरंग तोंड फिरवत नाही.

आणि मुलांनो, आईला वारीला पाठवताना बाजारातून अंदाजाने चप्पल आणून देऊ नका. आईलाच दुकानात न्या. ती म्हणेल, "जुनी आहे की अजून, चालंल." त्या "चालंल"वर जाऊ नका. डोक्यावर तुळस घेऊन ती सगळी वाट चालणार आहे.

शेवटचे सांगतो. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान-थोर, जात-पात पाहत नाही. समोर वारकरी आला की वाकतो. महाद्वारी नामदेवराय पायरी होऊन राहिले, ते याच पायांची धूळ मिळावी म्हणून. ज्या पायांवर सगळा संप्रदाय माथा ठेवतो, ते पाय तुमचे एकट्याचे नाहीत. ते जपा.

त्या टाळकऱ्याच्या पाया मी पडलो तेव्हा माझ्या कपाळाला तीनच बोटे लागली. माझ्या कीर्तनाचे ते फळ. जे कीर्तनकार आज तसेच वाक्य बोलून टाळ्या घेत असतील, त्यांनी मंडपातून निघताना श्रोत्यांचे पाय एकदा पाहून घ्यावेत, एवढीच माझी विनवणी.

राम कृष्ण हरी.