वजनकाट्यावर कुस्ती ठरत नाही

यात्रांचा हंगाम जवळ आला की सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या स्टँडसमोर, चहाच्या टपरीवर, डेअरीत दूध घालायला आलेल्यांच्या घोळक्यात एकच विषय निघतो : एक नंबरची कुस्ती कोण मारणार? पोस्टर लागलेलं असतं. दोन पैलवान शड्डू ठोकून उभे असतात, खाली इनामाचा आकडा असतो. पुढचा प्रश्न ठरलेला, "वजन किती हाय?" तो आकडा कळला की चर्चाच संपते. एकशेवीसवाला शंभरवाल्याला दाबणार, विषय कट.

हा कौल चुकीचा आहे, आणि तो वर्षानुवर्षं चुकत आला आहे. खटाव-माणच्या मातीला कुस्ती कळते असं आपण छातीठोकपणे सांगतो. शेजारच्या माणमधल्या मोहीचा किरण भगत 2017 साली महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीपर्यंत गेला तेव्हा या भागातली गावंच्या गावं टीव्हीसमोर बसली होती. अशा जाणत्या मुलखात मोठ्या लढतीचा अंदाज काट्यावरच्या आकड्यावर बांधला जावा, हे मला पटत नाही.

जडाच्या बाजूनं जे बोलतात त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो, कारण ते पोकळ नाही. ते म्हणतात, वजनाला किंमत नसती तर जगानं वजनगट केलेच नसते. खडाखडीत जड पैलवान मानेवर हात टाकून नुसता लोंबकळला तरी हलक्याची कंबर दुखायला लागते. हलक्यानं पट काढायला खाली वाकावं, तर वरून छाती पडते आणि तो तिथंच गाडला जातो. एकदा का जडानं मागून कब्जा घेतला की खालच्याला उठायला श्वास उरत नाही. यातला शब्द न् शब्द खरा आहे. चूक आहे ती यावरून काढलेल्या निष्कर्षात.

वजनगटांचंच घ्या. खालच्या गटांत चार-पाच किलोंचा फरकही मोठा मानतात, म्हणून तिथं काटा काटेकोर असतो. वरच्या गटात मात्र जगानंच सूट दिली आहे. महाराष्ट्र केसरीचा गट 86 ते 125 किलोंचा, म्हणजे समोरासमोरच्या दोघांत कागदावर 39 किलोंचा फरक चालतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात तर हेवीवेट म्हणजे 200 पौंडांच्या, सुमारे 91 किलोंच्या वर कितीही. वजनच निकाल देत असतं तर या मोकळ्या गटात सर्वांत जड माणूस कायमचा राजा झाला असता.

तसं झालेलं नाही. 21 डिसेंबर 2024 रोजी रियाधमध्ये टायसन फ्युरी 281 पौंडांचा होऊन रिंगणात उतरला, समोरचा ओलेक्झांडर उसिक 226 पौंडांचा. फरक पंचावन्न पौंडांचा, म्हणजे पंचवीस किलोंचा. तिन्ही पंचांनी उसिकच्या बाजूनं 116-112 असाच निकाल दिला. त्याच वर्षी मे महिन्यात झालेली पहिली लढतही उसिकनंच जिंकली होती. उसिक डावखुरा. तो पाय सतत बाजूला टाकत राहिला आणि फ्युरीला स्थिर उभं राहून वजनासकट ठोसा मारायची संधी त्यानं फार थोड्या वेळा दिली. ठोशामागे वजन यायला पाय रोवावे लागतात. ते रोवूच दिले नाहीत तर शरीरावरचे जादा पंचवीस किलो बारा फेऱ्या नुसते वाहून न्यायचे असतात.

कुस्तीतला दाखला याहून ठसठशीत आहे. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ग्रीको-रोमन प्रकारात अमेरिकेचा ख्रिस टेलर उतरला होता, चारशे पौंडांहून जास्त, म्हणजे 180 किलोंच्या पुढचा. पश्चिम जर्मनीचा विल्फ्रिड डिट्रिश त्याच्यापुढं पोरगेला दिसत होता. या प्रकारात कमरेखाली हात लावता येत नाही, म्हणजे पट नाही, टांग नाही. तरी डिट्रिशनं छातीला छाती लावून कव घातली, स्वतः मागं पूल केला आणि टेलरला डोक्यावरून मागं फेकून चीत केलं. टेलर पुढं रेटत होता, त्याचं वजन आधीच डिट्रिशच्या दिशेनं येत होतं. जड शरीर हलवायला अवघड असतं, पण एकदा हललं की थांबवायलाही तितकंच अवघड, आणि ते थांबवण्याचं काम त्या जड पैलवानालाच करावं लागतं. पुढं जागतिक कुस्तीनं सर्वांत वरच्या गटालाही मर्यादा घातली, आज फ्रीस्टाइलमध्ये ती 125 किलोंची आहे.

आपल्या जुन्या पैलवानांना पाठ असलेली गामा आणि झिबिस्कोची कुस्तीही हेच सांगते. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये अंगानं कितीतरी थोराड असलेला पोलंडचा झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतेक गादीला चिकटून राहिला. गामाला त्याला उलटवता आलं नाही, कुस्ती निकालाविना थांबली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. 1928 च्या जानेवारीत पतियाळात दोघं पुन्हा भिडले, दोघांचं वय पन्नाशीकडं झुकलेलं. झिबिस्को उभा राहून लढला आणि मिनिटाच्या आत चीत झाला. लंडनला त्यानं वजन वापरलं ते न हरण्यासाठी. जिंकायला उभा राहिला तेव्हा ते कामाला आलं नाही. माझा सगळा मुद्दा इथं आहे : वजन पैलवानाला हरण्यापासून वाचवतं, जिंकायला डाव लागतो.

आता घरचं बघू. महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचणारे बहुतेक मल्ल शंभरीच्या पुढचेच असतात. दोघंही जड असतील तर वजनाचा आकडा कौल तरी काय देणार? जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला हरवलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला तो बाहेरच्या टांगेला दिलेल्या चार गुणांवरून. धिप्पाड महेंद्रलाही तिथं टांगच लागली. त्याच स्पर्धेच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेनं महेंद्रला मिनिटाच्या आत चीत केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरनं त्याच राक्षेला झोळी डावावर अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवलं. तिघंही तेच, वजनं जवळपास तीच, निकाल मात्र फिरत गेले. 2017 ला किरण भगतला हरवणाऱ्या अभिजित कटकेबद्दल "अंगानं मोठा होता म्हणून जिंकला" असं आपल्याकडं फार म्हटलं गेलं. मग पुढच्याच वर्षी जालन्यात बाला रफिक शेखपुढं तो हरला तेव्हा त्याचं अंग कुठं गेलं होतं?

"नाव मोठं तो जिंकणार" हा दुसरा कौल. राक्षे आणि सिकंदरच्या त्या अर्ध्या मिनिटानं त्याचं उत्तर दिलंच आहे.

मग मोठ्या लढतीत बघायचं काय? पहिल्यांदा पायाखाली बघायचं. कुस्ती मातीत आहे की गादीवर, यानं निम्मा हिशेब बदलतो, आणि नेमकी हीच गोष्ट टपरीवर कुणी विचारत नाही. गादीवर नऊ मीटरचं वर्तुळ असतं, समोरच्याला बाहेर ढकललं की एक गुण मिळतो. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. जड पैलवानासाठी हे सोयीचं आहे : रेटा द्यायचा, दोन-तीन गुण गोळा करायचे आणि सहा मिनिटं काढायची. मातीत ढकलण्याला गुण नाहीत. बाहेर गेलात तर पंच पुन्हा मधोमध आणून उभं करतात. यात्रेच्या फडात कुस्ती दहा, पंधरा, वीस मिनिटं चालू शकते. मऊ माती हलक्याचा वेग थोडा खाते हे खरं, पण जडाची पावलं त्याहून खोल रुतवते. वजनाचं खरं राज्य गादीवर चालतं आणि आपण त्याचा डंका मातीच्या फडात वाजवतो.

नंतर बघायचा तो मानेवरचा हात. सलामी झाली, हात मिळाले, की जड पैलवान उजवा हात समोरच्याच्या मानेमागं टाकतो आणि कोपर त्याच्या छातीकडं आणतो. इथं हलका सरळ मागं सरला तर संपला, कारण मागं सरताना गुडघे ताठ होतात आणि पाय एका रेषेत येतात. हाताच्या बाहेरच्या बाजूला अर्धं पाऊल टाकलं तर मानेवरचा भार खांद्यावरून घसरतो आणि वजन सावरण्यासाठी जडाला पुढचा पाय टाकावा लागतो. तो पाय पडता पडताच एकेरी पट काढायचा. तोच हात वर राहिला, काख उघडी पडली, तर बगलडूब किंवा कलाजंग. घाम आला की पकड सुटते, म्हणून पैलवान एकमेकांच्या पाठीवर, दंडावर माती टाकतात. ही माती कोण आधी आणि कोण सारखी उचलतो, हे लक्षात ठेवा. ज्याची पकड सुटायला लागली तो आधी वाकतो.

पुनवतच्या गणपतराव आंदळकरांचं नाव इथं आठवलंच पाहिजे. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातला हा मातीतला मल्ल 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सर्वांत वरच्या गटात उतरला आणि ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण, फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेऊन आला. पायाला हात लावायची मुभाच नसलेल्या प्रकारात सुवर्ण मिळतं ते मान, हात आणि कंबर यांच्या जोरावर. त्याच स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती मानेंनी फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणलं. आपल्याच जिल्ह्यांच्या या शिदोरीत अंदाज बांधायला पुरेसं ज्ञान आहे.

तिसरी गोष्ट दम. मोठं शरीर उष्णता साठवतं, कारण वजनाच्या मानानं अंगाचा उघडा पृष्ठभाग कमी पडतो. चैत्र-वैशाखात खटाव तालुक्याच्या कोरड्या उन्हात तापलेल्या फडावर, भोवती माणसांची भिंत आणि हलगीचा कडकडाट असताना, पाच-सहा मिनिटांनी जड पैलवानाचं तोंड उघडतं. हात गुडघ्यावर जातात. लांग सावरण्याचं निमित्त होतं. तिथून पुढची कुस्ती वेगळी असते. दम तूप-बदामानं येत नाही, तो जोर, बैठका आणि रोजच्या लढतीनं येतो. वडूजच्या शेजारी औंधला भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि तो साऱ्या संस्थानाला लावला. त्या मुलखात श्वासाचं महत्त्व पटवून द्यायला लागू नये.

टोकियो ऑलिंपिकची 125 किलोंची अंतिम लढत ज्यांनी पाहिली त्यांना हे कळेल. शेवटचे काही सेकंद उरले असताना अमेरिकेचा गेबल स्टीव्हसन जॉर्जियाच्या गेनो पेट्रिआश्विलीविरुद्ध 5-8 असा मागं होता. तेवढ्यात त्यानं दोनदा कब्जा मिळवला आणि 10-8 नं सुवर्ण नेलं. पेट्रिआश्विलीचे पाय त्या सेकंदांत मागं येईनासे झाले होते.

या वजनवेडाचा मला राग येतो तो आणखी एका कारणानं. पोस्टरवरचा आकडा बघून तालमीतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचं वजन वाढवायची घाई होते. डब्यातल्या पावडरी येतात, काही ठिकाणी इंजेक्शनंही. ज्या वयात पट, ढाक, घिस्सा हाडात मुरायला हवेत, त्या वयात पोर काट्यावर चढून किलो मोजतं. पुढं गुडघा जातो आणि शेतकरी बापाची खुराकावर केलेली वर्षांची कमाईही जाते. वस्तादांनी हे थांबवलं पाहिजे.

येत्या हंगामात एकशेवीसचा आणि शंभराचा अशी जोड लागली तर माझा कौल असा. गादीवर सहा मिनिटांची असेल तर जडाचं पारडं थोडं वर. मातीत असेल आणि हलका पहिली पाच मिनिटं मागं न सरता बाजूला सरकत राहिला, तर कुस्ती हलक्याची. जडाला जिंकायचं असेल तर त्यानं पहिल्या दोन मिनिटांतच कब्जा घेऊन डाव टाकावा. नुसता लोंबकळत राहिला तर कुस्ती बरोबरीत सुटेल, आणि उन्हात तासन् तास बसलेल्या माणसांच्या पदरी काही पडणार नाही.

म्हणून यात्रा कमिट्यांना एक विनंती. पोस्टरवर इनामाच्या आकड्याखाली तीन ओळी जादा छापा : कुस्ती मातीत की गादीवर, किती मिनिटांची, आणि वेळ संपल्यावर गुणांवर निकाल देणार की नाही. हे आधी ठरवा, दोन्ही वस्तादांची त्यावर सही घ्या आणि सलामीपूर्वी माईकवरून वाचून दाखवा.